मुक्तला नाव घातलेल्यांपैकी शेवटपर्यंत किती जण पोचतात?

डबलशिफ्ट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत आहे. आयटीआय फिटर, बारावी पास, वय ३९. लाइनवर १६ वर्षं झाली. यंदा सुपरवायझरच्या दोन जागा निघाल्या आणि त्यात पहिल्यांदाच 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' अशी अट घातलीय. ज्याला मी मशीनवर हात धरून शिकवलं तो २६ वर्षांचा पोरगा अर्ज करू शकतो, मी नाही. पोराबद्दल राग नाही, चांगला आहे तो.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथेच गंगापूर धरणाच्या रस्त्याला. रोज बोर्ड दिसतो. बी. कॉम.ला नाव घालावं म्हणतोय. पण कँटीनमध्ये विषय काढला तर सगळे हसले. "आपल्या शॉपमधून आजवर सहा जणांनी नाव घातलं, पूर्ण एकाने केलं. पुस्तकं माळ्यावर आहेत, हवी तर घेऊन जा."

तर माहीतगारांना विचारायचंय, नोकरी करून शिकणाऱ्यांत खरंच किती जण पदवीपर्यंत पोचतात? आणि जे सुटतात ते कुठे सुटतात, पहिल्याच वर्षी की शेवटाला? माझी शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्ट, सेकंड, नाईट. घरी बायको, दोन मुलं, आई.

टपरीवाला

सहापैकी एक म्हणजे साडेसोळा टक्के. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचला एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, याहून कमी पास झाले होते आणि ते सगळे रेग्युलर, बिनलग्नाचे, बापाच्या पैशावर शिकणारे होते. घाला नाव.

सावली

डबलशिफ्ट, मी एका तालुक्याच्या गावी अभ्यासकेंद्रावर १४ वर्षं समंत्रक, म्हणजे शिकवणारी, आहे. पूर्ण विद्यापीठाची टक्केवारी सांगणं माझं काम नाही, पण रविवारी माझ्यासमोर काय घडतं ते सांगते.

प्रवेशाच्या दिवसांत केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. होमगार्ड, अंगणवाडी सेविका, पतसंस्थेतले शिपाई, किराणा दुकानवाले, लग्नानंतर सासरी आलेल्या मुली. सगळे नवे कपडे घालून येतात, खरंच. फोटो काढतात. मग पहिलं संपर्क सत्र येतं. रजिस्टरवर सत्तर नावं आणि बाकांवर अकरा माणसं. त्या अकरांपैकी आठ-नऊ जण पुढे परीक्षेला दिसतात. उरलेल्या एकोणसाठांतले काही न येताही परीक्षा देतात, तेही सांगायला हवं. पण मोठा गट असा, की त्यांनी पुस्तकांचं पुडकं फोडलेलंच नसतं.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: गळती पहिल्या परीक्षेच्या आधीच होते. तिसऱ्या वर्षाला पोचलेला माणूस सहसा सोडत नाही, अडकतो. ते वेगळं.

मी आता एकच गोष्ट बघते. पहिला स्वाध्याय वेळेत आला का. कसा लिहिलाय ते नाही, आला का एवढंच. ज्याने तो स्वतःच्या हाताने लिहून आणून दिला तो शेवटपर्यंत जाण्याची आशा असते. ज्याचा मेहुण्याने लिहिलेला असतो त्याची नाही.

टपरीवाला

मेहुण्याला पदवी द्यायची काही सोय आहे का?

हेमंत_ओहायो

माझ्या रोजीरोटीचाच विषय निघाला म्हणून लांबलचक लिहितोय. मी इकडे अमेरिकेत नोकरदार प्रौढांसाठीच्या एका विद्यापीठात आकडेवारी विभागात आहे. वर्षभर हेच करतो: किती आले, किती टिकले, किती पदवीधर झाले.

इथे १९९० च्या कायद्याने प्रत्येक कॉलेजला पदवीधर होण्याचं प्रमाण जाहीर करावं लागतं. ऐकायला झकास. पण ते मोजायचं कसं, तर आयुष्यात पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल टाकणारा आणि पूर्णवेळ शिकणारा, एवढेच विद्यार्थी छेदात घ्यायचे. चार वर्षांच्या पदवीला दीडपट म्हणजे सहा वर्षं द्यायची. टिकून राहण्याचं प्रमाणही तसंच, यंदाच्या शरद ऋतूत आलेला पुढच्या शरद ऋतूत दिसला का.

आता आमची नेहमीची विद्यार्थिनी बघा. वय ३४, नर्स, आधी दुसऱ्या कॉलेजात दीड वर्ष केलेलं, आमच्याकडे एका वेळी दोनच विषय घेते. ती पहिल्यांदा आलेली नाही, पूर्णवेळही नाही. म्हणून ती छेदातच नाही. पाच वर्षांनी तिने पदवी घेतली तर ती अंशातही नाही. मी तिच्या पदवीदान समारंभात उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि सोमवारी ऑफिसात येऊन जो तक्ता भरला त्यात ती कुठेच नव्हती.

मग छेदात कोण उरतं? चुकून आमच्याकडे आलेली मूठभर अठरा वर्षांची मुलं. आमची जागा त्यांच्यासाठी नाहीच, ती वर्षभरात जातात आणि आमचा आकडा रसातळाला. फिनिक्स विद्यापीठाचं मोठं उदाहरण आहे. १९७६ साली नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठीच सुरू झालं. २००७ मध्ये वर्तमानपत्रात आलं की केंद्रीय सूत्राने त्यांचं प्रमाण १६ टक्के. ते म्हणाले, आमच्या हिशोबाने ५९. दोन्ही आकडे आपापल्या सूत्राने बरोबर!

बऱ्याच आरडाओरड्यानंतर २०१५-१६ पासून इथे दुसरा तक्ताही भरून घेतात. त्यात अर्धवेळ आणि दुसरीकडून आलेलेही मोजतात, आठ वर्षांपर्यंत. तेव्हा कुठे आमची नर्स कागदावर आली.

म्हणून डबलशिफ्ट, 'किती टक्के' विचारण्याआधी 'कशाचे टक्के' ते विचारा.

डबलशिफ्ट

साडेसोळा टक्क्यांचा योगायोग बघा, फिनिक्स आणि आमचं कँटीन एकाच पातळीवर.

कसाराफास्ट

हेमंतरावांशी सहमत. सोपं करून सांगतो. सीएसएमटीहून कसारा लोकल सुटते. सगळे कसाऱ्याला उतरत नाहीत. कोणी ठाण्याला, कोणी कल्याणला. म्हणून गाडी फेल गेली म्हणतो का आपण? एखाद्याला दोन विषयच शिकायचे होते, शिकला, उतरला.

कासवचाल

ठाण्याला उतरणाऱ्याने ठाण्याचंच तिकीट काढलेलं असतं हो. इथे सगळ्यांनी कसाऱ्याचं काढलंय. मग मधेच कोण उतरलं, का उतरलं, की दारातल्या गर्दीने बाहेर ढकललं, ते बघायला नको?

टपरीवाला

डोंबिवलीवाला कसारा फास्टमध्ये चढला तर त्याला उतरूच देत नाहीत. याला म्हणतात टिकवून ठेवणं. विद्यापीठांनी कसाऱ्याच्या ग्रुपकडून शिकावं.

कसाराफास्ट

तो डोंबिवलीवाला स्लो गाडी सोडून आमच्या गाडीत चढतोच का, याचं उत्तर आधी द्या.

संपादक_मंडळ

लोकलसाठी वेगळा धागा आहे. ४०० प्रतिसाद झालेत तिथे. इथे नको.

कासवचाल

विषयावर येते. हेमंत, तुमची नर्स पटली. पण सूत्र चुकीचं आहे यावरून विद्यापीठ चांगलं आहे हे सिद्ध होत नाही. 'आमचे विद्यार्थी वेगळे, आम्हाला तुमची फूटपट्टी लावू नका' हे वाक्य खरंही आहे आणि फार सोयीचंही. ज्या फिनिक्सचं उदाहरण दिलंत त्याच फिनिक्सने २०१९ मध्ये फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात १९ कोटी १० लाख डॉलरवर तडजोड केली. मोठमोठ्या कंपन्यांशी आमचं नातं आहे, नोकऱ्या मिळतील, असं सूचित करणाऱ्या जाहिराती होत्या. जे लोक मधेच सुटले त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर कर्ज राहिलं. पदवी नाही आणि हप्ता आहे, यापेक्षा वाईट काय?

आणि नफेखोर विद्यापीठच कशाला. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी घ्या, ज्याच्याकडे बघून आपण सगळ्यांनी मुक्त विद्यापीठं काढली. १९६९ ची सनद, १९७१ ला पहिले विद्यार्थी. सरकारी पाठबळ, उत्तम पुस्तकं, प्रत्येकाला नेमून दिलेला शिक्षक. इंग्लंडच्या उच्चशिक्षण निधी परिषदेने २००९ मध्ये हिशोब मांडला तेव्हा तिथे पदवीसाठी सुरुवात केलेल्यांपैकी ११ वर्षांत पदवीपर्यंत पोचले २२ टक्के. अकरा वर्षांत! एवढ्या चांगल्या संस्थेत ही स्थिती असेल तर 'मोजायची पद्धत चुकली' एवढ्यावर विषय संपत नाही. एकट्याने घरी बसून शिकणं मुळातच अवघड आहे.

आपल्याकडे २०२१-२२ च्या केंद्रीय पाहणीत उच्चशिक्षणात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी, त्यांतले साधारण ४५ लाख ७० हजार दूरस्थ पद्धतीचे. प्रवेशाचा आकडा दरवर्षी बातमीत येतो. त्यातले बाहेर किती आले याची बातमी तुम्ही शेवटची कधी वाचलीत?

हेमंत_ओहायो

मान्य. एक दुरुस्ती सुचवतो. ओपन युनिव्हर्सिटीत येणाऱ्याला आधीच्या कुठल्याच परीक्षेची अट नाही. दार सताड उघडं ठेवलं की आत येणाऱ्यांत सगळे येतात. शंभरातल्या नव्वदांना दारावरच नाकारणारं कॉलेज नव्वद टक्के निकाल लावतं यात त्या कॉलेजचं कौतुक किती?

कासवचाल

तेही मान्य. पण उघड्या दाराचं श्रेय घेणाऱ्याने आत आल्यावर दिवा लावलाय की नाही तेही सांगावं.

वामकुक्षी

चर्चा छान चालली आहे. थोडं अवांतर.

आमचे वडील पोस्टात कारकून. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात शिकले. डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९४६ साली ते काढलं आणि तिथे सकाळचे वर्ग ठेवले, ते नोकरी करणाऱ्या मुलांची सोय व्हावी म्हणूनच. वडील पहाटे डबा घेऊन निघत, कॉलेज करून दहाला टेबलावर. सही करताना हाताला खडू लागलेला असायचा म्हणत. चार वर्षांचं शिक्षण त्यांनी सात वर्षांत केलं. मधे एक वर्ष आजोबा आजारी, एक वर्ष बदली. हेमंतरावांच्या जुन्या तक्त्यात ते नापास.

रानमेवा

रयतमधली कमवा आणि शिका योजनाही तशीच ना? कर्मवीरांनी किती आधी हा विचार केला होता.

वामकुक्षी

भाऊराव पाटलांबद्दल आदर आहेच, पण ते उलट्या बाजूने. तिथे विद्यार्थी शिकता यावं म्हणून काम करतो. इथे कामगार काम सांभाळून शिकायला बघतो. विद्यार्थ्याचं काम बुडालं तर फार तर मेसचे पैसे बुडतील. डबलशिफ्ट यांचं काम बुडालं तर घर बुडेल.

टपरीवाला

नाशिक रोड कारागृहातही मुक्तचं अभ्यासकेंद्र आहे म्हणे. तिथे टिकून राहण्याचं प्रमाण शंभर टक्के असणार. हलके घ्या.

सावली

तुम्ही हसण्यावारी नेलंत, पण मुद्दा खराच आहे. तिथे रोज ठराविक वेळ मोकळा असतो, शेजारी शिकणारा दुसरा असतो आणि पुस्तक माळ्यावर टाकायला माळाच नसतो. माझ्या अंगणवाडीताईला यातलं काहीच मिळत नाही.

अर्धीमुर्धी

सावलीताई, तुमची ती अंगणवाडीताई मीच. म्हणजे तुमच्या केंद्रावरची नव्हे, मराठवाड्यातली. पण तीच.

पर्यवेक्षिकेच्या जागेला पदवी लागते म्हणून एकतिसाव्या वर्षी बी. ए.ला नाव घातलं. पहिलं वर्ष झालं. दुसरं झालं. तिसऱ्या वर्षाचे दोन पेपर राहिले. परीक्षेच्या आठवड्यातच मतदार यादीचं काम आलं. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारे, आम्हीच असतो ना. सुटी मागितली तर म्हणाले, परीक्षा दरवर्षी असते, निवडणूक पाच वर्षांनी. पुढच्या खेपेला सासूबाईंना अर्धांगवायू झाला. त्यानंतर अर्जाची तारीख केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती, पण माझा जुना मोबाइल फुटल्यावर नंबर बदलला आणि मी त्या ग्रुपवर नव्हतेच. विचारायला गेले तर तिथले क्लार्क मान वर न करता म्हणाले, तारीख गेली. दुसऱ्या बाकावर बसलेल्या बाईने तरी पाणी विचारलं.

याला चार वर्षं झाली. तुमच्या टक्केवारीत मी 'सोडून गेलेली' आहे. पण मी काही सोडलेलं नाही. कोणी विचारलं तर आजही सांगते, बी. ए. चालू आहे.

कासवचाल

ताई, माझ्या वरच्या प्रतिसादात 'का उतरलं' एवढंच लिहिलं होतं मी. उत्तर असं येईल असं वाटलं नव्हतं. दोन पेपर राहिलेल्या माणसाला एक फोन करायला किती खर्च येतो?

सावली

@अर्धीमुर्धी, मी वर म्हटलं ना, तिसऱ्या वर्षाचे सोडत नाहीत, अडकतात. तुमचा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, सापडतो का बघा. प्रवेशाचं वर्ष त्यातच असतं. नोंदणीची कमाल मुदत असते, ती उलटलीय का ते आधी पाहू. उलटली असली तरी पुनर्नोंदणीची काही वाट आहे का विचारता येईल. आता इथे ठरवू नका की संपलं म्हणून.

आणि कासवचाल, फोनचं म्हणाल तर मी करते. मानधन सत्राचं मिळतं, फोनचं नाही. तरी करते. पण सत्तर जणांना एकटी किती करणार? बरेच नंबर नवऱ्याचे असतात, तो म्हणतो "सांगतो" आणि सांगत नाही.

मुक्कामी_गाडी

राम राम. मी एसटीत कंडक्टर. पश्चिम महाराष्ट्रातलं आगार. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून बी. ए. पूर्ण केली, गेल्या साली. डबलशिफ्ट भाऊ, तुमच्या कामाचं काहीतरी सांगतो.

मुक्कामी गाडी म्हणजे रात्री आठला गावात पोचायचं, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपायचं, सकाळी सहाला तीच गाडी परत. बाकीचे त्या वेळात पत्ते खेळायचे नाहीतर मोबाइल. मी मुद्दाम मुक्कामी ड्युटी मागून घ्यायचो. सगळे हसायचे, ती कोणाला नको असते. गावातल्या देवळाच्या ओवरीत ट्यूब असायची, तिथं बसायचं. एका गावात तर पुजारी मला 'मास्तर' म्हणायला लागले. तिकिटाच्या ट्रेमागं स्वाध्यायाचे कागद ठेवायचो, एकदा त्याच्यावर एका आजीने केळी ठेवली.

आमच्याकडं तीन वर्षांचं शिक्षण सहा वर्षांपर्यंत करता येतं. परीक्षा जूनला आणि डिसेंबरला. सगळे पेपर एकदम द्यायची सक्ती नाही. मी एका खेपेला दोनच द्यायचो. पहिल्या खेपेला हौसेनं पाच भरले, तीन उडाले. तेव्हाच सोडणार होतो. बायको म्हणाली, पाच भाकरी एकदम तव्यावर टाकतं का कोणी? तिथनं पुढं दोन-दोन. इंग्रजीचा पायाभूत पेपर तिसऱ्या खेपेला निघाला. सहावं वर्ष संपायला एक परीक्षा उरली असताना शेवटचा पेपर निघाला. संपाच्या काळात पगार नव्हता, तेव्हा सर्वांत जास्त अभ्यास झाला, हे कोणाला सांगू नका.

त्या हेमंतसाहेबांच्या हिशोबात मी बसतो का नाही माहीत नाही.

हेमंत_ओहायो

मुक्कामी साहेब, सहा वर्षं म्हणजे दीडपट वेळाच्याही बाहेर. जुन्या तक्त्यात नाही बसत. पण 'पाच भाकरी एकदम तव्यावर' हे मी आमच्या सल्लागारांच्या बैठकीत वापरणार. आमच्या नोंदींतही तेच दिसतं. पहिल्याच सत्रात जास्त विषय घेणारे नोकरदार पटकन गळतात. गंमत म्हणजे इथली सरकारी मदत जास्त विषय घेणाऱ्याला जास्त मिळते, म्हणून लोक झेपत नसताना घेतात.

रानमेवा

केळी आवडली.

नोकरभरती

एचआरमधला माणूस म्हणून दोन शब्द. धाग्यात 'टिकून राहणं' हा शब्द वाचून मनाशी हसलो, कारण आमच्याकडे रिटेन्शन म्हणजे कामगार कंपनीत टिकणं. बऱ्याच मॅनेजरांना मनातून भीती असते की माणूस पदवीधर झाला की पाच हजार जास्त देणाऱ्याकडे जाईल. त्यामुळे विद्यापीठाचं रिटेन्शन वाढलं की आमचं घटतं. परीक्षेच्या वेळी नाईट शिफ्ट बदलून मिळत नाही त्यामागे नेहमी कामाचा ताणच असतो असं नाही. आमच्या जातभाईंची चहाडी करतोय, नाव विचारू नका.

दुसरं, 'मुक्तची डिग्री चालते का' हा प्रश्न पुढे येईलच म्हणून आधीच सांगतो. विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) दूरस्थ शिक्षणासाठी मान्य केलेला असेल तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीचीच, असं यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. प्रवेश घेण्याआधी त्या वर्षाच्या मान्यतेच्या यादीत अभ्यासक्रमाचं नाव बघा. तेवढं दहा मिनिटांचं काम करा.

कसाराफास्ट

नव्या शैक्षणिक धोरणात तर मधल्या स्टेशनवर उतरायची सोयच आहे! एक वर्ष झालं की प्रमाणपत्र, दोन झाली की पदविका, तीन झाली की पदवी. मिळवलेली क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, क्रेडिट बँकेत जमा, सात वर्षांपर्यंत वापरता येतात. मी म्हणत होतो तेच.

कासवचाल

कागदावर छान आहे. पण डबलशिफ्टच्या कंपनीच्या जाहिरातीत 'पदवीधर' लिहिलंय, 'एक वर्षाचं प्रमाणपत्रधारक' नाही. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेलाही पदवीच. मधल्या स्टेशनला उतरलेल्याला तिथे रिक्षा मिळत नसेल तर ते स्टेशन नावापुरतं. उद्या विद्यापीठं म्हणतील, गळती शून्य, सगळे आपापल्या मर्जीने प्रमाणपत्र घेऊन गेले. ती भीती मला जास्त वाटते.

टपरीवाला

कसाराफास्ट, तुमचं तिकीट तपासलं गेलं.

वामकुक्षी

दोघांचंही थोडं थोडं खरं. पण क्रेडिट जपून राहतात ही गोष्ट लहान नाही. आमच्या वडिलांच्या वेळी वर्ष बुडालं की वर्षाचं सगळंच बुडायचं.

डबलशिफ्ट

चार दिवस सेकंड आणि नाईट होती म्हणून येता आलं नाही. सगळं दोनदा वाचलं, एकदा बायकोला वाचून दाखवलं. तिला मुक्कामी गाडीवाल्या दादांची बायको फार पटली.

काल सुटी होती म्हणून कँटीनमधल्या त्या सहा जणांना एकेक करून विचारत फिरलो. इतकी वर्षं 'सहातला एक' म्हणून हसतोय, पण बाकीच्या पाचांना कोणी विचारलंच नव्हतं. एकाने पुडकं फोडलंच नाही, सावलीताई म्हणतात तसा. दोघं पहिल्या परीक्षेला बसले, जास्त विषय राहिले म्हणून लाजून परत गेले नाहीत. एकाचा अपघात झाला त्या वर्षी. आणि एक जण दोन वर्षं झाल्यावर थांबला, कारण त्याला दुसऱ्या कंपनीत तशीच जागा मिळाली, पदवी न विचारता. तो मजेत आहे. त्याला 'गळला' कसं म्हणणार? कसाराफास्ट यांना एक गुण.

जो पूर्ण झाला त्या पाटलांनाही विचारलं. ते म्हणाले, मी हुशार नव्हतो, माझ्या शेजारी रामदास बसायचा. तो शाळामास्तर होता, दर रविवारी खाली येऊन हॉर्न वाजवायचा. त्याचा राग यायचा म्हणून जायचो.

आता माझा हॉर्न कोण वाजवणार हा प्रश्न आहे. शिफ्टमुळे दर तिसरा रविवार नाईट करून आल्यावर झोपेत जाणार.

मुक्कामी_गाडी

नाईट करून सरळ केंद्रावर जा. घरी गेला की झोपलाच. मागच्या बाकावर पेंगला तरी चालतंय, हजेरी लागते आणि माणसं ओळखीची होतात. ओळखीची माणसंच पुढं फॉर्मची तारीख सांगतात.

अर्धीमुर्धी

हे अगदी खरं. माझ्या ओळखीचं तिथे कोणी नव्हतं.

नोकरभरती

आणि अर्ज भरल्याची पावती एचआरला देऊन ठेवा, लेखी. 'पदवीचं शिक्षण चालू' अशी नोंद फाइलला लागली की पुढच्या जागांच्या वेळी बोलायला तोंड राहतं. यंदाची जागा गेली समजा.

डबलशिफ्ट

यंदाची गेलीच. पोरगा झाला सुपरवायझर, पेढे दिले त्याने. मला म्हणाला, भाऊ, परीक्षेच्या आठवड्यात तुमची शिफ्ट मी लावतो. आता लावायचं त्याच्याच हातात आहे!

मान्यतेच्या यादीत बी. कॉम.चं नाव बघितलं, आहे. उद्या अर्ज भरतोय. बायकोही बारावीच आहे. तिचाही भरू का म्हटलं तर म्हणाली, आधी तुमचा पहिला स्वाध्याय बघते, मग ठरवते.

टपरीवाला

वहिनींना समंत्रक नेमा.

अर्धीमुर्धी

सावलीताई, पीआरएन सापडला. रेशनकार्डाच्या पिशवीत होता, जुन्या ओळखपत्रासकट. शेवटचे दोन आकडे पुसट झालेत, पण मुलगा मोबाइलवर फोटो मोठा करून वाचतोय. मुदत संपलीय का ते कुठे बघायचं?

सावली

उद्या रविवार, मी दहा ते चार केंद्रावर आहे. नंबर इथे उघड्यावर टाकू नका, व्यक्तिगत निरोपात पाठवा. आणि सोबत तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर, नवऱ्याचा नको.